ओकिनावाची तालीम : शंका-समाधान

पारंपरिक ओकिनावा कराटेविषयी नगर जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रं आली. सारख्या शंका एकत्र करून त्यांतली काही इथे घेतली आहेत. सर्वांत जास्त पत्रं बेल्टविषयीच होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे. क्लासमध्ये दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग होतं आणि प्रत्येक वेळी फी वेगळी द्यावी लागते. दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळेल असं सांगितलंय. पण घरी पाहुण्यांसमोर काता (हालचालींचा ठरलेला क्रम) करायला सांगितला की तो मध्येच अडखळतो. सर म्हणतात, बेल्ट दिले नाहीत तर मुलं टिकत नाहीत. आम्ही काय समजायचं? — एक आई, सावेडी

उत्तर : सरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. नऊ वर्षांच्या मुलाला पुढचा टप्पा डोळ्यांना दिसावा लागतो आणि रंगीत पट्ट्यांचा तेवढा उपयोग नक्की होतो. मात्र हे पट्टे कराटेबरोबर जन्माला आलेले नाहीत. दर्जा देण्याची ‘दान’ पद्धत जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात ज्युडोसाठी सुरू केली. कराटेतले पहिले दान गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत १९२४ मध्ये दिले. ओकिनावात तर ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. गोजू-र्‍यू शैलीचे संस्थापक चोजुन मियागी १९५३ मध्ये वारले, त्यांनी हयातीत एकाही शिष्याला ब्लॅक बेल्ट दिला नव्हता. त्यांचे शिष्य पुढे जगभर नावाजले.

तेव्हा बेल्ट क्षणभर बाजूला ठेवा आणि मुलाला सगळ्यात पहिला शिकलेला काता सावकाश करायला सांगा. पाहुण्यांसमोर नको, एकटा असताना सांगा. ठोसा मारताना त्याचा खांदा कानाकडे वर चढतो का? पाऊल पुढे टाकताना डोकं वर-खाली होतं का? वळायच्या आधी तो त्या दिशेला बघतो का? पहिला काता या तीन बाबतीत बरा असेल, तर बेल्ट कुठलाही असो, शिकवणं ठीक चाललंय. पहिलाच काता ढासळलेला असेल आणि सहावा सुरू असेल, तर थांबायला हवं.

सरांना एक प्रश्न मात्र जरूर विचारा : गेल्या ग्रेडिंगला किती मुलांना ‘अजून तयारी नाही’ असं सांगितलं? एकालाही सांगितलं नसेल, तर ती परीक्षा नव्हे. ब्लॅक बेल्टपर्यंतची सगळी फी आधीच भरा असं कुणी म्हटलं, तर भरू नका. माझ्या मते रोज नियमाने येणाऱ्या मोठ्या माणसालाही पहिल्या दानापर्यंत चार-पाच वर्षं लागावीत. नऊ वर्षांच्या मुलाला अकराव्या वर्षी ते देण्यात त्याचंच नुकसान आहे, कारण त्याला वाटतं की शिकणं संपलं, आणि नेमकं शिकण्याच्या वयात तो क्लास सोडतो.

प्रश्न : आमच्याकडे दोन क्लास आहेत. एकाच्या पाटीवर शोतोकान आहे, दुसऱ्यावर ओकिनावा गोजू-र्‍यू. अस्सल कोणतं? — कॉलेज विद्यार्थी, नेवासा

उत्तर : पाटी बघून ठरवू नकोस. दोन्हींचं मूळ एकाच, ओकिनावा बेटावर आहे. र्‍युक्यू राज्याची राजधानी शुरी, तिच्या खालचं बंदर नाहा आणि शेजारचं तोमारी, ही गावं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. शुरीच्या परंपरेत आन्को इतोसु झाले, त्यांचे शिष्य चोशिन चिबाना यांनी आपल्या शैलीला शोरिन-र्‍यू हे नाव दिलं. नाहाच्या परंपरेत कान्र्‍यो हिगाओन्ना आणि त्यांचे शिष्य मियागी, म्हणजे गोजू-र्‍यू. कान्बुन उएची यांनी चीनमधल्या फुझोउ इथे शिकून आणलेली उएची-र्‍यू ही तिसरी. आणि शोतोकानचे फुनाकोशी? तेही इतोसुंचेच शिष्य. १९२२ मध्ये ते टोकियोला गेले, तिथल्या विद्यापीठांत मोठमोठ्या तुकड्यांना शिकवलं गेलं, पवित्रे लांब आणि खोल झाले, पुढे स्पर्धा आल्या. शितो-र्‍यूचे केन्वा माबुनी यांनी तर इतोसु आणि हिगाओन्ना दोघांकडूनही शिकून घेतलं होतं.

ओकिनावाच्या शैलींत उभं राहणं साधारणपणे उंच आणि आखूड असतं, जवळून पकडणं, खेचणं, झटकणं जास्त असतं, आणि शरीर घडवण्यासाठी दगड, मडकी, लाकूड अशी साधनं वापरली जातात. दोन्ही क्लासमध्ये आठवडाभर नुसतं बसून बघ. कातामधली हालचाल कशासाठी आहे हे जोडीदारावर करून दाखवतात का, आणि चुकलेल्या मुलाजवळ शिक्षक स्वतः जातात का, एवढंच पाहा.

प्रश्न : मी शाळेच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन दिवस कराटे शिकवतो. मुलं साठ. मी स्वतः गोजू-र्‍यू शिकलोय आणि तसंच शिकवायची इच्छा आहे. पण एवढ्या गर्दीत ते कसं जमावं? ओळीत उभं करून ‘इचि, नि, सान’ मोजत राहिलो की हे आपलं कराटे नाही असं वाटतं. — प्रशिक्षक, संगमनेर

उत्तर : तुमची अस्वस्थता खरी आहे, आणि सव्वाशे वर्षं जुनी आहे. १९०१ मध्ये इतोसुंनी शुरीच्या प्राथमिक शाळेत कराटे नेलं. त्याआधी ते अंगणात, रात्री, दोन-चार जणांना शिकवलं जाई. शाळेत नेताच त्यांना मुलांसाठी वेगळा अभ्यास बांधावा लागला, आणि त्यातूनच पाच पिनान काता आले. ओळीत उभं राहून आकड्यावर हालचाल करणं, जी आज सगळ्यांना ‘पारंपरिक’ वाटते, ती शाळेच्या कवायतीतून आलेली आहे. इतोसुंनी त्यात कमीपणा मानला नाही. १९०८ च्या आपल्या पत्रात त्यांनी शाळांना कराटे का हवं ते दहा मुद्द्यांत मांडलं आणि रोज तास-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीर बदललेलं दिसेल, असं त्यात म्हटलं.

मियागींनीही हेच दुहेरी काम केलं. शाळेत आणि पोलिसांना ते गटाने शिकवत, घरी मात्र एकेकाला. १९४० मध्ये त्यांनी गेकिसाई हे दोन काता मुद्दाम सोपे रचले, ते नवशिक्यांसाठी आणि गटासाठीच. घरच्या शिष्यांना मात्र आधी सान्चिन हा काता, तोही वर्षानुवर्षं, आणि मग ज्याच्या त्याच्या बांध्याला साजेल असा एखादाच वरचा काता. ते युद्धाने फार ओरबाडलेले गुरू होते. १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत त्यांची काही मुलं गेली, ज्यांच्यावर वारसा सोपवायचा ते शिष्य जिन्आन शिन्झातोही गेले. त्यानंतरही घराच्या अंगणात उरलेल्या मोजक्या मुलांना त्यांनी पुन्हा सान्चिनपासूनच सुरुवात करून दिली. घाईने काही वरचं सांगून टाकावं, असं त्यांनी तेव्हाही केलं नाही.

म्हणजे तुमच्यासमोर दोन वर्ग आहेत आणि तुम्ही ते एकत्र चालवू पाहताय. साठ मुलांचा शाळेचा वर्ग तसाच चालू द्या. त्यात गेकिसाई, पडणं, लोळणं, जोडीने हात अडवणं, दमसास. ओळीत मोजायला काहीच हरकत नाही. फक्त तासातली शेवटची पंधरा मिनिटं मोजणं बंद करा. मुलांना जोडीने समोरासमोर उभं करा, मनगटाला मनगट टेकवा, आणि काकिएचं ढकलणं-खेचणं सुरू करा. एकाने सावकाश रेटायचं, दुसऱ्याने मागे न हटता ते वळवायचं, मग उलट. साठ मुलांच्या तीस जोड्या होतात, आणि प्रत्येक मूल शिक्षकाची वाट न बघता समोरच्याच्या हातातून शिकू लागतं. जोर कुठून येतो, तोल कधी जातो हे सांगून कळत नाही, मनगटावर कळतं. तुम्ही तेवढ्या वेळात दहा जोड्यांपाशी जा, पुढच्या तासाला दुसऱ्या दहा.

दुसरा वर्ग वेगळा ठेवा : जे स्वतःहून येतील त्यांचा, आठवड्यातून एक सकाळ, सहा-सात जणांपेक्षा जास्त नाही. तिथे सान्चिन.

सान्चिनकडे आपल्याकडे फार घाईने बघितलं जातं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तीन पावलं पुढे, वळण, पुन्हा पावलं, हात जवळजवळ तेच. दिसायला काहीच नाही. शिक्षकाचं काम इथे सुरू होतं. मूल उभं राहिलं की आधी पायांकडे बघा : पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याच्या रेषेत, पंजा किंचित आत, गुडघे सैल. मग कंबर : ती पुढे गोळा झालेली हवी, पाठीला खोबण पडलेली नको. मग कोपर : बरगडीपासून मुठीएवढ्या अंतरावर. शेवटी खांदे. नवशिक्याचे खांदे दुसऱ्याच श्वासाला वर येतात, आणि तोंडाने ‘खांदे खाली’ असं शंभरदा सांगून ते खाली येत नाहीत. तळहात त्याच्या खांद्यावर अलगद ठेवून नुसता भार द्या आणि काखेखालच्या स्नायूला बोट लावून ‘हा आवळ’ म्हणा. तो स्नायू त्याला पहिल्यांदा सापडतो तेव्हा खांदा आपोआप उतरतो, आणि मुलाच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसतं. पुढे कधीतरी तो स्वतः ते शोधू शकतो. शिकवणं म्हणतात ते एवढंच, आणि ते साठ जणांना एकदम करता येत नाही.

यात दोन गोष्टींची काळजी घ्या. मोठ्यांच्या डोजोत, म्हणजे सरावाच्या जागी, सान्चिन तपासताना खांद्यांवर, मांड्यांवर थापा मारतात, त्याला ‘शिमे’ म्हणतात. मुलांवर ते करू नका. त्यांना त्यातून काही कळत नाही, मार खाल्ल्याचं तेवढं लक्षात राहतं. आणि कोणत्याही मुलाला हात लावून शिकवायचं असेल तर वर्षाच्या सुरुवातीला पालकांना बोलावून, करून दाखवून, त्यांची परवानगी घ्या. मुलींसाठी महिला सहायक हवीच. नसेल तर मुलींना एकमेकींचे खांदे तपासायला शिकवा. पालकांसाठी दार उघडं असलेला वर्ग हाच बरा वर्ग.

आपल्याकडे हे नवीन नाही. नगरच्या तालमीत वस्ताद एकेका पठ्ठ्याची मान, कंबर, पाय हाताने धरूनच बसवतो. वाडिया पार्कला २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या झाल्या, तेव्हा मॅटवर जे मल्ल उतरले ते सगळे अशाच हातांखालून गेलेले होते.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. हात कडक व्हावेत म्हणून घरामागच्या चिंचेच्या खोडाला पोतं गुंडाळून रोज दोनशे पंच मारतो. आता मनगट दुखतं आणि मधल्या बोटाचं गाठीचं हाड सुजलंय. माकिवारा कसा करायचा ते सांगाल का? — विद्यार्थी, अकोले

उत्तर : आजपासून खोडावर मारणं बंद कर. सूज दोन आठवड्यांत उतरली नाही, किंवा बोट पूर्ण मिटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढून घे. हे आधी, माकिवारा नंतर.

चिंचेचं खोड हलत नाही. तू जेवढ्या जोराने मारतोस तेवढा धक्का मागे येऊन मनगटात, कोपरात आणि खांद्यात शिरतो. माकिवारा याच्या अगदी उलट असतो. ती फळी मारल्यावर मागे वाकते आणि परत येते. जसजशी वाकते तसतसा विरोध वाढतो, आणि तो विरोध पायापासून मुठीपर्यंत कुठे गळती आहे ते दाखवतो. मनगट वाकडं असेल तर मूठ घसरते, मागची टाच उचललेली असेल तर तूच मागे ढकलला जातोस. हातावर घट्टे पडणं ही फार दुय्यम गोष्ट आहे. ओकिनावात पन्नास वर्षं माकिवारा मारलेल्या माणसांतही ज्यांचे हात साधे दिसतात आणि पेला, सुई, लेखणी नीट धरतात, त्यांचं शिक्षण चांगलं झालं असं मी मानतो.

आता बांधणी. सात फुटांची फळी घे, त्यातले दोन ते अडीच फूट जमिनीत जातील. बुडाशी जाडी साडेतीन-चार इंच, आणि वर जाताना ती उतरत जाऊन टोकाशी अर्धा-पाऊण इंच. हा उतारच सगळं काम करतो, म्हणून सुताराला कागदावर काढून दाखव. सरळ रेषेचं, गाठ नसलेलं, लवणारं लाकूड हवं. बाभूळ कडक पडते. लाकूड परवडत नसेल तर जाड बांबूच्या चार-पाच चिपा वेगवेगळ्या लांबीच्या घेऊन, सर्वांत लांब पुढे आणि आखूड मागे अशा एकावर एक बांध. ते तितकंच छान लवतं. वरच्या टोकाला भाताच्या पेंढ्याची दोरी घट्ट गुंडाळतात, आणि पेंढ्याचं तर तुमच्या अकोल्यात काही दुर्भिक्ष नाही. काथ्या वापरू नकोस, तो कातडी सोलतो. टोकाची उंची तू पवित्र्यात उभा असताना छातीच्या खालच्या भागाला यावी.

पुरताना मातीकडे लक्ष दे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडून ती फळीपासून सुटते, मग फळी वाकण्याऐवजी नुसती डुलते. खड्डा फळीच्या तिप्पट रुंद घे. मागच्या बाजूला वरती आणि पुढच्या बाजूला खाली एकेक चपटा दगड आडवा ठोक, आणि मधली जागा मुरमाने दाबून भर. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा मुरूम पुन्हा ठोक.

अठरा पूर्ण होईपर्यंत मात्र फळीवर मारू नकोस, रेट. मूठ टेकव, तर्जनी आणि मधलं बोट यांच्याच गाठी फळीला लागू देत, आणि मागच्या पायाने फळी वाकवून चार श्वास धरून ठेव. प्रत्येक हाताने दहा वेळा. हातातली हाडं अजून वाढतायत, आणि वाढीच्या जागी बसलेला मार पुढे आयुष्यभर दुखतो. अठरानंतर वीस-तीस हलक्या ठोशांनी सुरुवात कर. इतोसुंनी एकेका हाताने शंभर-दोनशे असं लिहिलंय, पण तो आकडा पहिल्या महिन्याचा नव्हे.

तोवर करायचं असेल तर गावच्या कुंभाराकडून जाड काठाची दोन मडकी करून घे. पाच बोटांनी वरून काठ धरता यावा एवढंच तोंड. साधा माठ चालणार नाही, त्याचा काठ तुटतो. रिकामी मडकी धरून सान्चिनची पावलं टाकत चाल. महिन्याने ओंजळभर वाळू, पुढच्या महिन्याला आणखी एक ओंजळ. पकड, खांदे आणि चाल यांना यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही, आणि ते मनगटालाही त्रास देत नाही.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका आहे, वय ४६. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मुलीबरोबर क्लासला जाऊ लागले, पण सान्चिनमध्ये श्वास रोखून अंग ताठ केलं की डोकं जड होतं. या वयात हे करावं की सोडावं? — श्रीरामपूर

उत्तर : कराटे सोडू नका, श्वास रोखणं सोडा. श्वास कोंडून सगळं अंग आवळलं की रक्तदाब एकदम चढतो, आणि तुमच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. डोकं जड होणं ही सूचना आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी असा असा व्यायाम करते, आणि शब्दांत सांगण्याऐवजी उभं राहून दाखवा.

सान्चिन तुम्ही नेहमीच्या श्वासाने, नाकाने घेऊन तोंडाने हळू सोडत करा, अंग चार आण्यांइतकंच आवळा. हालचाल केव्हाही श्वास सोडतानाच पूर्ण झाली पाहिजे. पावलं, कंबर, खांदे यांतलं निम्म्याहून जास्त शिक्षण तसंही मिळतं. मियागींनी सान्चिनला जोडून तेन्शो हा मऊ हातांचा काता दिला, तो तुम्हाला विशेष मानवेल. शिक्षकांनी आवाज मोठा करा, अजून आवळा, असा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा. वयाचं मनावर घेऊ नका. ओकिनावात सत्तरीच्या, ऐंशीच्या बाया-माणसं डोजोत सराव करताना दिसतात.

प्रश्न : पोलीस भरतीत आणि दहावीच्या गुणांत कराटेचा फायदा होतो असं ऐकलं. ओकिनावाच्या संस्थेचं दान सर्टिफिकेट चालेल का? — एक पालक, शेवगाव

उत्तर : दानचं सर्टिफिकेट, मग ते जपानहून आलेलं का असेना, यासाठी उपयोगाचं नाही. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि परीक्षेत वाढीव गुणांची सवलत आहे, पण दोन्ही मिळतात ते मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीवर. कोणती संघटना आणि कोणती स्पर्धा मान्य आहे हे वेळोवेळी बदलतं. त्यामुळे स्पर्धेची फी भरण्याआधी वाडिया पार्क इथल्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात स्पर्धेचं नाव घेऊन विचारा. ‘आंतरराष्ट्रीय’ असं छापलेल्या पत्रकावर विसंबू नका.

स्पर्धा म्हटलं की परंपरा बुडाली, असं काही वाचकांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ६ ऑगस्ट २०२१ रोजी पुरुषांच्या कातामध्ये सुवर्ण जिंकणारे र्‍यो कियुना हे ओकिनावाचेच, र्‍युएई-र्‍यू या तिथल्या जुन्या शैलीचे. पुढच्याच, पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये कराटे नव्हतं, आणि ओकिनावातल्या डोजोंचे दिवे त्यामुळे काही विझले नाहीत. मुलाला स्पर्धा आवडत असेल तर खेळू द्या. स्पर्धेच्या मोसमात पायाभूत सराव बंद पडणार नाही, एवढं बघा.

प्रश्न : एसटी स्टँडवर कुणी हात धरला तर कराटे उपयोगी पडेल का? — विद्यार्थिनी, कर्जत

उत्तर : पडेल, पण पंचपेक्षा हात सोडवणं आधी शीक. ओकिनावाच्या कातांमध्ये मनगट, केस, कपडा धरला तर सुटायचं कसं हे भरपूर आहे. जोडीदाराला खरोखर घट्ट धरायला सांगून ते कर, हळूच धरलेला हात सोडवून काही होत नाही. अंगठ्याच्या बाजूने झटका, लगेच मोठा आवाज, आणि माणसं असतील तिकडे पळ. ११२ ला फोन कर आणि घरी त्याच दिवशी सांग. उभं राहून दोन हात करत बसायचं कारण नाही.

प्रश्न : मी सुपे एमआयडीसीत नोकरी करतो. जपानी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही कराटे कधी केलं नाही. मला दोन आठवडे ओकिनावाला जाऊन शिकायचं आहे. कुणी अनोळखी माणसाला घेतात का? — पारनेर तालुका

उत्तर : साहेबांचं नवल वाटून घेऊ नका. ओकिनावा टोकियोपासून दीड हजार किलोमीटर नैऋत्येला आहे. ते १८७९ पर्यंत वेगळं राज्य होतं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात. तिथलं खाणंपिणं, बोली, गाणी सगळंच निराळं.

घेतात, पण ओळखीने. आपल्या शिक्षकांचं पत्र सोबत असू द्या. नाहाला लागून असलेल्या तोमिगुसुकु शहरात २०१७ मध्ये ओकिनावा कराटे काइकान सुरू झालं. परदेशी विद्यार्थ्यांना योग्य डोजोशी जोडून द्यायचं काम तिथून होतं. निघायच्या तीन-चार महिने आधी इंग्रजीत लिहा : शैली, किती वर्षं केलं, वय, जुनी दुखापत. बेल्टचा रंग वाढवून लिहू नका, तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

मोठ्या हॉलची अपेक्षा ठेवू नका. बरेच डोजो सेन्सेईंच्या, म्हणजे गुरूंच्या, घराच्या तळमजल्यावर असतात, आपल्या दोन खोल्यांएवढे. भिंतीशी चि-इशी, म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेलं दगडाचं किंवा सिमेंटचं वजन. गदा फिरवलेल्या माणसाला ते ओळखीचं वाटेल. सराव संध्याकाळी, कारण शिकवणारेही दिवसा नोकरी-धंदा करतात. लवकर जा, फरशी पुसायला हात लावा, विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका. पहिले चार-पाच दिवस कुणी काहीच ‘शिकवत’ नाही असं वाटेल. तुम्हाला सान्चिन किंवा नाइहान्ची हा काता करायला सांगतील आणि बघत राहतील. नवीन काता शिकवा असं म्हणू नका. दोन आठवड्यांत तुमच्या जुन्या कातामधल्या दोन चुका दुरुस्त झाल्या, तर खर्च वसूल झाला असं समजा. ऑगस्ट-सप्टेंबर वादळांचे महिने, ते टाळा. ऑक्टोबरअखेर गेलात तर २५ ऑक्टोबर हा ओकिनावाचा कराटे दिन सापडेल. १९३६ मध्ये त्याच तारखेला नाहात गुरूंची बैठक झाली होती. २००५ मध्ये तिथल्या विधानसभेने हा दिवस ठरवला.

पुढच्या वेळी लिहिणाऱ्यांना एक विनंती आहे. मुलांविषयीच्या पत्रात वय, क्लासला किती महिने झाले, आठवड्यातून किती दिवस आणि कुठे काही दुखतं का, एवढं तरी जरूर लिहा. नावं छापली जाणार नाहीत. आणि दुखण्याविषयीचं पत्र असेल तर उत्तराची वाट न बघता आधी डॉक्टरांकडे जा.